मातीची दबाई : रानात आणि भरावात

दाबाखाली मातीचे कण जवळ येतात, त्यांच्यामधली हवा बाहेर पडते आणि माती घट्ट बसते. चांगल्या जमिनीचा जवळपास निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. हवा-पाणी तिथेच राहते, मुळेही तिथूनच वाट काढतात. काळ्या रानात वाफसा (मशागतीजोगी ओल) येण्याआधी ट्रॅक्टर घातला, की या पोकळ्या मिटतात. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट होत राहिली, तर तळाशी कडक थर बनतो. अशा रानातले कपाशीचे झाड उपटून पाहिले, तर सोटमूळ त्या थराशी आडवे वळलेले दिसते. हा थर सबसॉयलर या खोल नांगराने फुटतो, पण जमीन कोरडी असतानाच. ओलीत फाळ नुसता चर पाडत जातो.

रस्त्याच्या किंवा मातीच्या धरणाच्या भरावात मात्र दबाई हवीच, नाहीतर बांधकाम खचते. कॅलिफोर्नियातील अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की ठरावीक दाबाखाली माती विशिष्ट ओलाव्यावरच सर्वाधिक घट्ट बसते. कोरडे कण सरकत नाहीत आणि ओल जास्त झाली तर पाणीच जागा अडवते. म्हणून भराव पातळ थरांत, हवे तेवढेच पाणी मारून रोलरने दाबतात. शेतकऱ्यांनी मात्र वाफसा येईपर्यंत अवजड यंत्र रानाबाहेरच ठेवावे.