अर्धा मुहूर्त आणि एक वर्ष

आषाढी एकादशीस घरोघरी धरलेले चातुर्मासाचे नेम कार्तिकी एकादशीनंतर सुटतात. कुणी कांदालसूण वर्ज्य केलेली असते, कुणी नित्य पोथीवाचनाचा नेम केलेला असतो. चार महिन्यांची मुदत ठरलेली असते, म्हणूनच हे नेम प्रापंचिकाच्या हातून तडीस जातात. संस्कृतात ‘अवधि’ म्हणजे सीमा. शेताला जसा बांध, तसा व्रताला अवधी.

उपवास सोडण्यासही अशीच सीमा आहे. द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर. तो टाळून, परंतु द्वादशी सरण्यापूर्वी पारणे करावे, असा शास्त्रसंकेत आहे.

या संदर्भात श्रीमद्भागवताच्या नवम स्कंधातील अंबरीषाचे आख्यान मननीय आहे. वर्षभराच्या द्वादशीव्रताची सांगता करून राजा कार्तिकात पारण्यास बसणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. भोजनाचे निमंत्रण स्वीकारून ते कालिंदीवर स्नानास गेले, ते लवकर परतेनात. द्वादशीचा अर्धा मुहूर्त, म्हणजे अवघी चोवीस मिनिटे उरली. अतिथीआधी जेवावे तर अधर्म, न जेवावे तर व्रतभंग! ब्राह्मणांशी विचारविनिमय करून राजाने केवळ पाणी घेतले. जलप्राशन हे भोजन आहेही आणि नाहीही.

दुर्वास कोपले, सुदर्शन त्यांच्या पाठीस लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु पुढील गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दुर्वास परत येईपर्यंत एक वर्ष लोटले आणि तोवर राजा केवळ पाण्यावर त्यांची वाट पाहत राहिला. स्वतःच्या व्रतासाठी अर्धा मुहूर्त काटेकोर जपणाऱ्या राजाने अतिथीसाठी मात्र मुदत घातली नाही!

आम्ही ही कथा सांगतो तेव्हा आमचीच एक चूक आठवते. ऐन उमेदीत एका गावी उत्तररंग रंगला म्हणून आम्ही कीर्तन तासभर लांबवले. शेवटची एस.टी. निघून गेली आणि परगावच्या काही वृद्ध माउली देवळाच्या ओवरीत थंडीत रात्रभर बसून राहिल्या. तक्रारीचा एक शब्द कुणी काढला नाही. तेच अधिक लागले. आमच्या रंगाला सीमा नव्हती, तिची शिक्षा मात्र त्यांनी भोगली. तेव्हापासून आरतीची वेळ आम्ही चुकवलेली नाही.

पारण्याची वेळ पंचांगात पाहताना गृहस्थाश्रमींनी एवढेच ध्यानी धरावे: मुदत आपल्यासाठी कडक असावी, दुसऱ्यासाठी सैल. घरी उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट, हेही व्रतच होय.