नवे पायथन, जुना प्रोग्राम

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पट्ट्यात, अमरावती असो की अकोला, घरच्या कॉम्प्युटरवर नवे पायथन टाकले की एक तक्रार हमखास येते: कापसाच्या भावाचा तक्ता काढणारा कालचा प्रोग्राम आज ‘पांडास नावाचे मॉड्यूल नाही’ म्हणून अडून बसतो.

प्रोग्राम बहुधा ठीकच असतो. विंडोजवर पायथन ३.१२ टाकल्याने ३.११ निघून जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, पण पांडाससारखी पॅकेजेस जुन्याच्या फोल्डरमध्ये असतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर पायथन’ टाइप केले की कोणकोणते पायथन कुठे आहे ते दिसते. मग पॅकेजेस नव्यात पुन्हा बसवायची. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजेसची स्वतंत्र जागा, केले तर गुंता टळतो.

कधी दोष खरोखरच आवृत्तीचा असतो. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आले आणि ‘प्रिंट’ला कंस सक्तीचे झाले. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून पॅकेजेस बसवण्यासाठीचे ‘डिस्टयुटिल्स’ वगळले गेले; त्यावर विसंबलेली जुनी पॅकेजेस तिथे अडतात.

विंडोज ७ वर मात्र ३.९ पासूनच्या आवृत्त्या चालतच नाहीत. अशा मशीनवर लिनक्स टाकणे हाच सोयीचा मार्ग.