मोटारीची बॅटरी व समुद्राचा खारा वारा

खारदांड्यास राहणाऱ्या मनुष्यास गंज नवीन नाही. खिडकीचे गज, सायकलीची साखळी, होडीचे खिळे, सर्वांवर खारा वारा आपला अंमल गाजवितो. म्हणून बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा निळसर भुकटी साचलेली दिसली, की तीही वाऱ्याचीच करणी असे पुष्कळ लोक समजतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. भुकटीचे मूळ बहुधा बॅटरीच्या पोटातच असते. खारी व दमट हवा तिला हातभार लावते.

शिशाच्या पट्ट्या व गंधकाचे तेजाब यांची ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. मोटारीच्या बॅटरीत असे सहा कप्पे असून ती पूर्ण भरली म्हणजे सुमारे १२.६ व्होल्ट दाब देते. भरताना पाण्याचे थोडे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू निघतात, आणि त्यांजबरोबर तेजाबाचे सूक्ष्म तुषारही बाहेर पडतात. ते टोकांशी झिरपले, की शिशापासून पांढरा व तांब्यापासून निळा क्षार बनतो. हा निळा क्षार म्हणजे आपल्या परिचयाचे मोरचूदच होय.

एवढ्याशा भुकटीने काय बिघडते, असे कोणी विचारील. इंजिन सुरू करताना क्षणभर दीडशे अँपिअर प्रवाह लागला, व भुकटीमुळे सांध्यात एक शतांश ओहम इतकाच अडथळा आला, तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. इंजिन नुसते कण्हते, आणि मालक धडधाकट बॅटरी टाकून नवी विकत घेतो!

साफसफाईपूर्वी इंजिन बंद करावे, हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा घालावा, अंगठी व घड्याळ उतरून ठेवावे. जवळ विडी किंवा काडी पेटवू नये, कारण हवेत शेकडा चार भाग हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. आता तारा कोणत्या क्रमाने सोडावयाच्या, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. आजच्या मोटारीत ऋण टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते. ते तसेच ठेवून धन टोकाची तार सोडू लागलो, आणि पाना चुकून पत्र्यास लागला, तर सर्व प्रवाह पान्यातून धावतो. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात. ऋण तार आधी सोडली म्हणजे ही वाटच बंद होते. म्हणून सोडताना ऋण प्रथम, जोडताना ऋण शेवटी. कित्येक जुन्या इंग्रजी मोटारींत धन टोक सांगाड्यास जोडीत असत. तेथे क्रम उलटा. सांगाड्याची तार प्रथम सोडावी, हे त्यातले खरे तत्त्व आहे.

पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते पाणी जुन्या ब्रशाने भुकटीवर लावावे. फेस येतो, तो तेजाब निवल्याचा. मात्र हे पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. नंतर साध्या पाण्याने पुसून, कोरडे करून, तारा घट्ट आवळाव्या व वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. तेजाब डोळ्यांत उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवीत राहावे व लगेच डॉक्टरांकडे जावे.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाणी उणे झाल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे नव्हे. होडीवाल्यांनी तर समुद्राच्या पाण्यापासून ती फारच जपावी. खारे पाणी आत शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा बॅटरी काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी व महिन्यातून एकदा भरून घ्यावी. रिकामी पडून राहिली, तर पट्ट्यांवर शिशाचा क्षार घट्ट बसतो व पुढे निघता निघत नाही. सुटीत उभ्या राहणाऱ्या मोटारीसही हेच लागू आहे.

निकामी बॅटरी घरी फोडू नये, तिचे तेजाब गटारात ओतू नये. त्याबरोबर शिसेही जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूस शिसे अत्यंत घातक असते. २०२२ सालच्या नियमांनुसार ती इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलनासाठी द्यावयाची असते. नवी घेताना जुनी दुकानीच परत द्यावी. जुन्या शिशाची काही किंमत पुष्कळ दुकानदार नव्या बॅटरीतून वजा करून देतात.