बसल्या जागी उभारता येणारी गुढी



पाडव्याचा विषय निघाला की आपल्या ज्येष्ठ मंडळात एक वाक्य हमखास ऐकू येते, "आता कुठली गुढी, डॉक्टर? गुडघे ऐकत नाहीत, बोटे वळत नाहीत, आणि मुले लांब." त्यावर सगळे मान डोलावतात आणि चहा येतो. मला या वाक्याची काळजी वाटते. आधी गुढी सुटते, मग दारातले तोरण, मग रांगोळी, आणि एक दिवस सण फक्त फोनवर येणाऱ्या चित्रांमध्ये उरतो. शरीर बदलले तर सण सोडायचा नसतो, गुढीचे माप बदलायचे असते. ते कसे, हे आज सांगतो.

पहिली गोष्ट, खुर्चीवर किंवा स्टुलावर चढायचे नाही. इंग्लंडमध्ये जी.पी. म्हणून काम करताना सणासुदीच्या आधी तोरण बांधताना पडलेली माणसे मी पाहिली आहेत. पुढे पडलो तर आपण हात टेकतो आणि मनगट मोडते, बाजूला पडलो तर खुब्याचे हाड. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही तपासून घ्यावा लागतो. म्हणून तोरण चौकटीच्या माथ्यावरच हवे हा हट्ट सोडा. खांद्याच्या उंचीवर दोन चिकटणारे हुक लावा आणि तोरण दाराच्या पाखावर बांधा. देवाला ते तिथेही दिसते.

आता गुढी. मार्चमधला इथला वारा आणि पाऊस पाहता बाहेर उंच काठी उभारण्यापेक्षा रस्त्याकडच्या खिडकीत, टेबलावर उभी राहील अशी दोन फुटांची गुढी करावी. गार्डन सेंटरमध्ये झाडांना आधार द्यायला बांबूच्या बारीक काठ्या मिळतात, तीच आपली काठी. तिच्या उघड्या टोकाने वाकताना डोळ्याला इजा होते, म्हणून काम करताना टोकावर बुचाचा तुकडा किंवा कापडाची गुंडाळी ठेवा. काठी उभी राहण्यासाठी स्टीलचा उभा डबा घ्या आणि त्यात किलोभर तांदूळ भरून काठी तळापर्यंत खोचा. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात होतो.

वस्त्राला अख्खी साडी नको. खणाचा किंवा जुन्या पैठणीच्या काठाचा हातभर तुकडा पुरतो. टेबलावर पसरून बोटभर रुंदीच्या निऱ्या घाला. बोटे आखडत असतील तर प्रत्येक निरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावत जा, म्हणजे हातात धरून ठेवावे लागत नाही. वरचे टोक रबरबँडने बांधून काठीला अडकवा. त्यावर डहाळी, फुलांची माळ आणि गाठी, आणि सगळ्यांवर तांब्या पालथा. तांब्या लहानच हवा, देव्हाऱ्यातले तांब्याचे भांडे चालते. जड असला तर गुढी कलंडते. तांब्यावर कुंकवाचे स्वस्तिक आधीच, मांडीवर घेऊन काढून ठेवा.

डहाळीचा प्रश्न इथे दरवर्षी येतो. आपल्याकडच्या दुकानांत कधी कडुलिंब मिळतो, कधी नाही. भारतातून येताना बॅगेत डहाळ्या आणू नका, रोपे आणि पाने यांना इथे प्रमाणपत्र लागते. त्यापेक्षा हिरव्या फेल्टची पाने कापा. कडुलिंबाचे पान ओळखू येते ते दोन गोष्टींनी: कडा करवतीसारख्या आणि पान थोडे एका बाजूला वाकलेले. देठ म्हणून हिरवी लोकर घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाने टाका. आंब्याची पाने तर आणखी सोपी, लांबट आणि टोकदार, मधोमध एक टाका घातला की शीर तयार. तोरणाला अकरा पाने पुष्कळ झाली.

इथे एक इशारा. बागेच्या कुंपणाला असणारा चेरी लॉरेल पाहिला की आंब्याच्या पानांची आठवण होते, तशीच ती चकचकीत आणि लांबट असतात. पण ती चुरडली की त्यातून सायनाइड सुटते. देवापुढे, प्रसादाजवळ ती नकोत. डॅफोडिलची पिवळी फुले पाडव्याला अगदी वेळेवर येतात आणि गुढीजवळ शोभतातही, पण त्यांचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. देठातल्या चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते. फुलदाणीत ठेवा, हात धुवा, आणि ते पाणी मांजराच्या तोंडी लागू देऊ नका.

आणि गाठी! साखरेची गाठी घरी करायची म्हणजे पाक करायचा, आणि मी त्याच्या विरोधात आहे. गाठीचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो, त्यामुळे भाजते ते खोलवर. (कोणाला भाजलेच तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. तूप नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही.) गॅस न पेटवता गाठी होते. वाटीभर साखरेत चमचाभर पाणी थेंब थेंब घालत हाताने चोळा. ओल्या वाळूसारखी मुठीत गोळा धरू लागली की थांबा. बर्फाचा जुना सिलिकॉनचा ट्रे घ्या आणि त्याच्या कप्प्यांमधल्या भिंतींना कात्रीने छोटी खाच पाडा. गाठीच्या लाकडी साच्यांनाही दोऱ्यासाठी अशीच वाट असते. कप्पे अर्धे भरा, खाचांमधून सुती दोरा सरळ टाका, वर साखर भरून चमच्याच्या पाठीने घट्ट दाबा. रेडिएटरच्या जवळ दिवसभर वाळू द्या. थोड्या साखरेत केशराचे पाणी घातले तर पिवळी पदकेही होतात.

मधुमेह असणाऱ्यांना माहीतच आहे, पण दुसऱ्या दिवशी चहात बुडवलेली गाठीही साखरच असते.

हातांबद्दल दोन शब्द. संधिवाताची बोटे सकाळी सर्वांत ताठर असतात, म्हणून हे काम दुपारी करा आणि आधी हात कोमट पाण्यात बुडवा. कात्रीच्या मुठीला फोम गुंडाळा, किंवा स्प्रिंगने आपोआप उघडणारी कात्री घ्या. मोठ्या नेढ्याची सुई वापरा आणि हिरव्या फेल्टखाली पांढरे कापड अंथरा, मोतीबिंदू असतानाही कडा दिसतात. अर्ध्या तासाने थांबा. दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा. रांगोळीसाठी खाली बसू नका. काळ्या पुठ्ठ्यावर ठिपके काढा, रेषांवर डिंक फिरवा, वर तांदळाचे पीठ भुरभुरा आणि झटका. एकदा केली की वर्षानुवर्षे दारात ठेवता येते, आणि गालिचाही खराब होत नाही.

हे सगळे मी विशेषतः ज्यांच्यासाठी लिहितो आहे, ते बहुधा हे पत्रक स्वतः वाचणार नाहीत. आपले काही सभासद केअर होममध्ये आहेत आणि त्यांतल्या काहींना विस्मरणाचा आजार आहे. त्या आजारात कालचे जेवण, नातवाचे नाव, ही स्मृती लवकर जाते. हातांनी शिकलेल्या गोष्टी मेंदूच्या वेगळ्या भागांत असतात आणि बऱ्याचदा जास्त टिकतात. म्हणून "काकू, पाडवा कधी असतो?" असे विचारू नये, उत्तर आले नाही की त्या ओशाळतात. खण त्यांच्या मांडीवर ठेवावा. ज्या बाईने पन्नास वर्षे निऱ्या घातल्या आहेत तिची बोटे अनेकदा आपोआप कामाला लागतात. निऱ्या वाकड्या आल्या तर दुरुस्त करू नका.

अशा भेटीला जाताना सुई, टाचण्या, मणी नकोत. गिळण्याचा त्रास असेल तर साखरेची नाही, पांढऱ्या लोकरीची गाठी लावा. निरांजन नेऊ नका, तिथे ज्योत चालत नाही, आणि कोणी ऑक्सिजनवर असेल तर ती घातकच. बॅटरीचा दिवा न्या. आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, आणि सूर्यास्ताला गुढी उतरवायची असते हे त्यांना एका चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर ती आठवडाभर तशीच उभी राहते.

पाडव्याच्या आधीच्या दोन रविवारी, आरतीनंतर, मंदिराच्या खालच्या सभागृहात आपण अशा गुढ्या करणार आहोत. टेबले आणि पाठ असलेल्या खुर्च्या मांडलेल्या असतील. मंदिराला हव्या आहेत त्या वस्तू: खणाचे किंवा जरीचे तुकडे, लहान तांबे किंवा पेले, हिरवे फेल्ट, लोकर, आणि तांदूळ. उरलेले तांदूळ अन्नदानाच्या शिध्यात जातील. गाडी चालवणारे चार-पाच जण पाडव्याच्या सकाळी लागतील, केअर होममध्ये गुढ्या पोचवायला आणि संध्याकाळी पुन्हा जाऊन उतरवायला. आपल्या ओळखीचे कोणी घराबाहेर पडू शकत नसेल तर त्यांना विचारून नाव कार्यालयात कळवा. ज्यांना येऊन बसता येईल पण काही करता येणार नाही असे वाटते, त्यांनीही यावे. दोरा धरायला माणसे कमीच पडतात.