पाठपिशवी, गिर्यारोहकाची

डोंगरभ्रमंती, प्रस्तरारोहण व गिर्यारोहण यांत लागणारे सामान पाठीवर वाहून नेण्यासाठी वापरण्यात येणारी खांदपट्ट्यांची पिशवी. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांत ती ‘रकसॅक’ किंवा नुसती ‘सॅक’ या नावाने ओळखली जाते. ‘रकसॅक’ हा शब्द मूळचा जर्मन असून पाठ व पिशवी या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. दोन्ही हात मोकळे ठेवणे, हे या पिशवीचे प्रमुख कार्य होय. कड्यावर मात्र ती केवळ सामान ठेवण्याचे साधन राहत नाही. तेथे तिचा भार आरोहकाच्या शरीराचाच भाग बनतो व तो अकस्मात सरकल्यास अथवा पट्टा तुटल्यास तोल जाऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून तिच्या टिकाऊपणाचा विचार सोयीपेक्षा सुरक्षिततेच्या दृष्टीने करावा लागतो.

इतिहास : पाठीवर ओझे वाहण्याची रीत प्राचीन आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मानवी देहाजवळ हेझल वृक्षाची वाकविलेली काठी व फळ्या मिळाल्या. तो पाठीवरील ओझ्याचा सांगाडा असावा, असे अनेक संशोधक मानतात. नेपाळमधील भारवाहक ‘डोको’ ही वेताची किंवा बांबूची टोपली ‘नाम्लो’ या कपाळपट्ट्याच्या आधाराने वाहतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्टच्या वाटेवरील पुरुष भारवाहकांचे ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या सरासरी ९३ टक्के असल्याचे आढळले. महाराष्ट्रात पडशी व कावड ही भार वाहण्याची जुनी साधने असली, तरी त्यांचा भार खांद्यावरच येतो.

आधुनिक पाठपिशवीच्या विकासात सांगाड्याला महत्त्व आहे. नॉर्वेतील ओले बेर्गान यांनी १९०९ च्या सुमारास पाठीच्या आकाराशी जुळणारा सांगाडा पिशवीस जोडला. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा व कंबरपट्टा असलेल्या पिशव्या तयार केल्या. बाह्य सांगाडा कपारीत अडकतो व आरोहकाच्या हालचालीबरोबर वळत नाही. ही अडचण ग्रेग लो यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या अंतर्गत सांगाड्याच्या पिशवीने दूर झाली. प्रस्तरारोहणासाठी आता मुख्यतः याच प्रकारच्या अथवा सांगाडा नसलेल्या लहान पिशव्या वापरतात.

रचना व कापड : पूर्वीच्या कॅनव्हासच्या पिशव्या मजबूत असत, पण त्या जड असत व भिजल्यावर अधिकच जड होत. त्यांची जागा नायलॉन व पॉलिएस्टर या संश्लिष्ट धाग्यांच्या कापडांनी घेतली. धाग्याची जाडी ‘डेनिअर’ या एककात सांगतात. ९,००० मी. लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर होय. धागा जितका जाड, तितका कापडाचा झीजरोध सामान्यतः अधिक. पण वजनही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून तळ व खडकाशी घासणाऱ्या बाजूंस जाड आणि इतरत्र पातळ कापड वापरणे इष्ट असते. काही कापडांत ठराविक अंतरावर जाड धागे विणतात. त्यामुळे फाट सुरू झाली, तरी ती पुढे पसरत नाही.

पिशवी बहुधा कापडापेक्षा जोडांच्या ठिकाणी निकामी होते. खांदपट्टे जेथे शिवलेले असतात, तेथे ताण सर्वाधिक असतो. या जागी दुहेरी कापड व दाट आडवी शिवण असणे आवश्यक आहे. बक्कल व चेन हीदेखील कमकुवत स्थाने होत.

भार व त्याची मांडणी : सामान्य पदभ्रमणात ओझे शरीराच्या वजनाच्या २० ते २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवावे, असा व्यावहारिक संकेत आहे. या हिशेबाने ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीने १२ ते १५ किग्रॅ. पेक्षा अधिक ओझे घेऊ नये. एका दिवसाच्या भ्रमंतीस २० ते ३५ लि., दोन-तीन दिवसांच्या मुक्कामास ४० ते ५५ लि. व दीर्घ मोहिमेस ६० ते ८० लि. धारकतेची पिशवी पुरते.

ओझे शरीरापासून जितके दूर, तितके ते माणसाला मागे खेचते व तोल सावरण्यासाठी त्यास पुढे वाकावे लागते. म्हणून जड वस्तू पाठीलगत व मध्यभागी ठेवतात. सपाट वाटेवर त्या खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीपर्यंत असल्या तरी चालते; चढाईत मात्र गुरुत्वमध्य थोडा खाली ठेवणे हितावह असते. कंबरपट्टा नितंबास्थींवर घट्ट बसविल्यास भाराचा मोठा भाग श्रोणीवर जातो. सर्व भार दीर्घकाळ खांद्यांवर राहिल्यास तेथील तंत्रिकांवर दाब पडून हाताला बधिरता व दुर्बलता येऊ शकते. ओढा किंवा नदी ओलांडताना कंबरेचा व छातीवरचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाण्यात पडल्यास पिशवी तत्काळ टाकून देता येते.

प्रस्तरारोहणातील वापर : आरोहकाची पिशवी अरुंद, उंचीला शिरस्त्राणाआड न येणारी आणि बाहेर लोंबणाऱ्या बंदांपासून मुक्त असावी. अरुंद चिमणीतून चढताना ती पाठीवर न ठेवता कंबरेच्या साजापासून दोरपट्टीने खाली लोंबती ठेवतात. मोठ्या कड्यांवर सामान दोराने वर ओढून घेतात. त्यासाठी प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या जाड कापडाच्या गुळगुळीत, नळकांड्याच्या आकाराच्या पिशव्या वापरतात. साध्या पिशवीच्या माथ्यावरील कडी केवळ पिशवी उचलण्यासाठी असते. तिच्यावर माणसाचा भार कधीही टाकू नये.

सह्याद्रीतील खरखरीत बेसाल्ट, घसाऱ्याच्या वाटा व कारवीची रानबने यांमुळे पिशवीची झीज लवकर होते. उन्हाळ्यात अनेक किल्ल्यांवरील टाकी आटतात आणि प्रत्येकी ३-४ लि. पाणी, म्हणजे तितकेच किग्रॅ. वजन, पायथ्यापासून न्यावे लागते. पावसाळ्यात बाहेरील आच्छादन पुरेसे ठरत नाही. शिवणींतून पाणी झिरपत असल्याने कपडे व शिधा आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे अधिक विश्वसनीय असते.

निगा : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी नायलॉनचे बल घटते, तर ओलसर जागी ठेवल्यास पॉलियुरेथेनच्या आतील लेपाचे जलविच्छेदन होऊन तो चिकट होतो व सुटतो. विद्युत् घटमालेतील अम्लाने नायलॉनचे नुकसान होते व ते नेहमीच डोळ्यांना दिसत नाही. पिशवी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. प्रत्येक मोहिमेपूर्वी तिच्यात प्रत्यक्षात न्यावयाचे वजन भरून खांदपट्ट्यांच्या शिवणी व बकले तपासावीत. सुई, जाड धागा व एक जादा बक्कल यांचे वजन नगण्य असते. परंतु कड्याच्या मध्यावर तुटलेला पट्टा जोडण्यास दुसरे साधन नसते.