बंद पडलेल्या राइड्सचे बखरकार

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ‘टुमॉरोलँड’ नावाचा एक भाग आहे. उद्याचं जग कसं असेल ते दाखवायला बांधलेला. तिथे डोक्यावरून, इमारतींना वळसे घालत, एक काँक्रीटचा मार्ग जातो आणि 2000 सालापासून त्यावरून काहीही धावलेलं नाही. 1967 मध्ये त्यावर पीपलमूव्हर सुरू झाली होती. मार्गातच बसवलेल्या रबरी चाकांवरून सरकत जाणारे छोटे डबे, बैलगाडीच्या निवांतपणाने फेरा मारणारे. 1995 मध्ये ती बंद झाली आणि तीन वर्षांनी त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान राइड आली. ज्या फेऱ्याला पूर्वी सोळाएक मिनिटं लागत, तो आता तीन मिनिटांत उरकायचा होता. पण मार्ग जुनाच, वळणं सपाट. वेगात वळायचं तर वळणाची बाहेरची कड उचलून घ्यावी लागते, हे घाटात एसटी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. तो खर्च टाळला गेला. मग प्रत्येक वळणाआधी ब्रेक आणि वळण संपलं की पुन्हा सुसाट. टायर झिजत, गाड्या अडत, माणसं रांगेत ताटकळत. दोन वर्षांच्या आसपास हा खेळ चालला. मग राइड दुरुस्तीसाठी म्हणून थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही.

ही हकीकत उद्यानाच्या माहितीपत्रकात छापून येणार नाही. धंद्याच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, कारण बंद राइडचं तिकीट कोणी काढत नाही. तरीही ती कोणीतरी खणून काढतं, तारखांसकट सांगतं आणि सांगताना आपल्याला खदखदून हसवतं. अशा माणसांपैकी माझे लाडके तिघे म्हणजे माइक कार्लसन, जेसन शेरिडन आणि स्कॉट गेर्डनर. लॉस एंजेलिसच्या विनोदी रंगमंचाच्या आणि दूरचित्रवाणीच्या जगातली ही माणसं. गेर्डनरची ‘मूनबीम सिटी’ ही ॲनिमेशन मालिका 2015 मध्ये कॉमेडी सेंट्रलवर आली होती. 2017 पासून हे तिघे ‘पॉडकास्ट: द राइड’ चालवतात. सुरुवातीला ते स्वतःची ओळख तिशीतले, मूलबाळ नसलेले आणि तरीही थीम पार्कचं वेड असलेले पुरुष अशी करून देत. दुसऱ्या कोणी टोमणा मारायच्या आत स्वतःच मारून मोकळं व्हायचं, ही त्यातली युक्ती.

एका भागाला एक विषय. कधी राइड, कधी परेड, कधी नुसतं एखादं उपाहारगृह. बहुतेक वेळा एखादा पाहुणा, तोही विनोदाच्या धंद्यातलाच. गप्पा दीड-दोन तास सहज चालतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की मित्र कट्ट्यावर बसून टवाळक्या करताहेत. थोड्या वेळाने लक्षात येतं की प्रत्येकाने घरून अभ्यास करून आणलाय. जुन्या बातम्या, उद्घाटनाच्या वेळची प्रसिद्धिपत्रकं, कोणीतरी हँडीकॅमने काढलेल्या हलत्या चित्रफिती, उद्यानाचे जुने नकाशे. आणि विनोद त्या माहितीतूनच उगवतो. हे मला महत्त्वाचं वाटतं. संशोधन कंटाळवाणं होऊ नये म्हणून मध्ये मध्ये कोट्या पेरायची पद्धत आपल्याकडच्या व्याख्यानांत भरपूर आहे. इथे तसं नाही. कागदपत्रंच इतकी अचाट असतात की ती सरळ वाचली तरी पुरतं.

‘सुपरस्टार लिमो’ घ्या. 8 फेब्रुवारी 2001 रोजी डिस्नीलँडच्या शेजारी ‘डिस्नीज् कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ हे दुसरं उद्यान उघडलं, त्यातली ही राइड. चाहत्यांच्या भाषेत ‘डार्क राइड’, म्हणजे अंधाऱ्या इमारतीतून गाडीत बसून देखावे बघत जायचं. मूळ कल्पना अशी होती की तुम्ही हॉलिवूडचे नवे तारे आहात, तुमच्या मागे छायाचित्रकार लागलेत आणि त्यांना चुकवत तुमची लिमोझिन भरधाव सुटली आहे. मग ऑगस्ट 1997 मध्ये पॅरिसच्या बोगद्यात राजकुमारी डायाना यांच्या मोटारीला अपघात झाला. छायाचित्रकारांचा पाठलाग हा गमतीचा विषय उरला नाही. पण राइड रद्द न होता पाठलाग तेवढा वगळला गेला. उरल्या त्या गोगलगायीच्या चालीने जाणाऱ्या जांभळ्या लिमोझिन आणि दोन्ही बाजूंना हात हलवणारे नटनट्यांचे बाहुले, व्यंगचित्रातून उठून आल्यासारखे. जॅकी चॅन, व्हूपी गोल्डबर्ग, शेर. कथा अशी काही नाहीच. जानेवारी 2002 मध्ये, म्हणजे वर्षही पुरं व्हायच्या आत, राइड बंद झाली. काही वर्षांनी त्याच इमारतीत ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ची राइड आली. मार्ग तोच. लिमोझिनच्या जागी टॅक्सी.

अशा राइडवर तासभर नुसतं हसता येतं. या मंडळींच्या रीतीची गंमत ही की त्या हसण्यातून कंपनीचा हिशेबही हळूहळू उलगडतो. 1992 मध्ये पॅरिसजवळ उघडलेल्या युरो डिस्नीने भरपूर पैसा गिळला. एप्रिल 1994 मध्ये कंपनीचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल आयझनर यांच्या भव्य कल्पनांना लगाम घालणारा जोडीदार राहिला नाही. त्यानंतरची वर्षं हात आखडता घेण्याची. रॉकेट रॉड्सची सपाट वळणं आणि सुपरस्टार लिमोचे बाहुले ही एकाच काटकसरीची अपत्यं. पुढे 2007 मध्ये कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरची डागडुजी जाहीर झाली, तिचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. स्वस्तात केलेली वस्तू किती महागात पडते, हे इतक्या मजेत शिकवणारा व्यवस्थापनशास्त्राचा वर्ग मला माहीत नाही.

या तिघांच्या आधीही बखरकार होते, बरोबरीनेही. 1986 मध्ये लिऑन आणि जॅक जॅन्झन या भावांनी ‘द ई टिकेट’ हे नियतकालिक सुरू केलं. डिस्नीलँडमध्ये एके काळी राइडच्या दर्जाप्रमाणे ए पासून ई पर्यंत तिकिटं असत, सगळ्यात दणदणीत राइड ई तिकिटाची, त्यावरून हे नाव. जॅन्झन बंधूंनी जुन्या रचनाकारांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, ते हयात असतानाच. 1995 मध्ये ‘येस्टरलँड’ हे संकेतस्थळ आलं. नामशेष राइड्सचं एक काल्पनिक उद्यानच. 2017 मध्ये केव्हिन पर्जुरर यांची ‘डिफंक्टलँड’ ही यूट्यूब मालिका सुरू झाली. तिचा 2021 मधला रांगांवरचा माहितीपट पूर्ण लांबीच्या सिनेमाएवढा आहे. ठरल्या वेळी रांगेशिवाय आत सोडणाऱ्या डिस्नीच्या ‘फास्टपास’मुळे रांगा खरोखर कमी झाल्या का, हे तपासायला त्यांनी संगणकावर एक आख्खं खोटं उद्यानच चालवून पाहिलं. विद्यापीठातला एखादा प्राध्यापक हे करता तर त्याला अनुदान मिळालं असतं.

पण ‘पॉडकास्ट: द राइड’ची कमाल राइडपाशी नाही, ती सापडते बाजारपेठेत. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या दाराशी ‘सिटीवॉक’ नावाचा दुकानांचा नि खाणावळींचा एक रस्ता आहे. वास्तुरचनाकार जॉन जर्डी यांचं हे काम, 1993 मध्ये उघडलेलं. मोठाले निऑन फलक आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांतून उचलल्यासारखे दर्शनी भाग. आदल्याच वर्षी लॉस एंजेलिस दंगलीत जळालं होतं, त्यामुळे खऱ्या शहराला घाबरून पळणाऱ्यांसाठी हे खोटं शहर, अशी टीकाही तेव्हा झाली. 2018 मध्ये या तिघांनी ठरवलं की या रस्त्यावरच्या एकूण एक दुकानाबद्दल बोलायचं. भागांमागून भाग. त्याला कथेची चौकटही दिली: ‘सेक्टर कीपर’ नावाच्या एका गूढ शक्तीने त्यांना इथे डांबलंय आणि एकेक विभाग चर्चेने पार केल्याशिवाय सुटका नाही. टोप्यांचं दुकान, आइस्क्रीमची टपरी, काहीही सुटत नाही. पुढच्या वर्षी डिस्नीच्या बाजारपेठेचीही अशीच झाडाझडती झाली.

हा वेडेपणा आहे. पण मॉलमधलं उपाहारगृह बंद पडलं तर त्याची नोंद कोण ठेवतो? देवळाची ठेवतात, किल्ल्याची ठेवतात. माणसं वाढदिवस साजरे करायला ज्या जागी गेली, पहिल्यांदा एकमेकांना भेटायला गेली, तिचा फलक एका रात्रीत बदलतो आणि ती कुठे होती यावर दहा वर्षांनी घरात वाद होतात. सिटीवॉकची ती मालिका म्हणजे अशा जागांचं गावगाडा-छाप गॅझेटियर आहे. फरक इतकाच की ते सरकारी हुकमावरून लिहिलेलं नाही.

दोष आहेत. जुन्या भागांतले विनोद नव्या भागांत परत परत येतात आणि मध्येच शिरणारा श्रोता लग्नघरात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा अवघडतो. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन जाहिराती नि न्याहारीची खोकी यांवर वीस मिनिटं गेली की मी सरळ पुढे सरकवतो. सुरुवात करायची तर ज्या राइडवर आपण स्वतः बसलोय किंवा निदान जिची चित्रफीत पाहिली आहे, तिच्या भागापासून करावी.

आपल्याकडे ऐवज नाही असं नाही. गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 चं, खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 चं. मुंबईतल्या एका आख्ख्या पिढीने शाळेच्या सहलीत गोराईची खाडी ओलांडली आहे. ती यंत्रं कुठून आली, कोणी बसवली, पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून काय करत, ‘मिस्टर इंडिया’वर इमॅजिकात राइड करायची हे कोणाच्या डोक्यात आलं? हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत. कोणा दोघा-तिघांनी माइक घेऊन निघावं. लाँचवर तिकिटं फाडणाऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.