पीळ बिघडवणारे आडबंध

पेशी विभागण्याआधी डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींपासून सुटाव्या लागतात. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ही सुटका होऊ देण्याइतकेच बळकट असतात. एखाद्या रसायनाने या दोघींमध्ये पक्का आडबंध घातला की काम तिथेच अडते. कर्करोगावरची अनेक जुनी औषधे याच अडवणुकीवर उभी आहेत. मात्र अशा बंधाने डीएनएचा आकार किती बिघडतो, हे प्रत्येक रसायनागणिक बदलते, आणि या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

सिसप्लॅटिनपासून सुरुवात करू. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जीवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम तपासत होते. जीवाणू लांबच लांब वाढले, पण विभागले नाहीत. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेली संयुगे होती. हे निरीक्षण १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७८ साली त्यांपैकी सिसप्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याचे बहुतेक बंध एकाच साखळीवरच्या शेजारी घटकांत पडतात. दोन साखळ्यांना जोडणारे बंध शेकडा मोजकेच, पण रचनेची खरी उलथापालथ तेच करतात. ग्वानीन या घटकाची जी जागा प्लॅटिनम पकडते, ती एरवी डीएनएच्या पिळावरच्या मोठ्या खाचेकडे असते. समोरासमोरच्या साखळ्यांवरची दोन ग्वानीन एकाच अणूने बांधायची, तर ती आत वळावी लागतात. प्लॅटिनम लहान खाचेत जाऊन बसते, त्यांच्या जोडीची दोन्ही सायटोसिन पिळाबाहेर फेकली जातात. पीळ सुमारे ८० अंशांनी उलगडतो, उजवा असलेला तो तेवढ्या भागात डावा होतो, आणि अक्ष जवळपास ४५ अंशांनी वाकतो. १९९०च्या दशकात आधी चुंबकीय अनुस्पंदनाने आणि मग स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांनी हे दाखवले.

नायट्रोजन मस्टर्डची तऱ्हा निराळी. त्याचा हात ज्या दोन ग्वानीनना जोडतो, त्यांच्यातल्या अंतराला थोडा अपुरा पडतो, म्हणून डीएनएलाच किंचित वाकून जवळ यावे लागते. बावचीतले सोरॅलेन पिळाच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि अतिनील प्रकाश पडला की दोन्हीकडच्या थायमीनना बांधते. कोडाच्या उपचारात बावची आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे.

जपानमध्ये सापडलेले मायटोमायसिन मात्र लहान खाचेत इतके चपखल बसते की आकार जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पण म्हणून ते सौम्य ठरते असे नाही. साखळ्या उलगडायच्या वेळी हा बंधही तितकाच आडवा येतो. उलट वाकलेली, फुगलेली जागा दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना चटकन सापडते. न बिघडलेली त्यांच्या नजरेतून निसटू शकते. त्यातच दोन्ही साखळ्या दुखावलेल्या, त्यामुळे एकीवरून दुसरी नीट उतरवून घेण्याची सोयही उरत नाही.

डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अशा बंधाशी येऊन थबकली की फॅन्कोनी गटातली प्रथिने तो सोडवायला धावतात. १९२७ साली स्विस बालरोगतज्ज्ञ गिदो फॅन्कोनी यांनी वर्णन केलेल्या आजारात नेमकी हीच यंत्रणा जन्मतः अधू असते. रक्तातल्या पेशींना मायटोमायसिन देऊन गुणसूत्रे किती तुटतात, हे पाहून त्याचे निदान करतात.